पुढच्या मापाची झबली

२० सप्टेंबर

आज दिवसभर श्वास कापले. माझं कामच ते. निवेदककाका काचेपलीकडच्या खोलीत बसून पुस्तक वाचतात आणि मी अलीकडे हेडफोन लावून त्यांचे श्वास, ओठांची चुटचुट, गिळलेला आवंढा, अडखळून पुन्हा वाचलेलं वाक्य असं सगळं रेकॉर्डिंगमधून काढून टाकते. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात कधी दमला नाही. काका म्हणतात, "तुझ्या हाताखालून गेलेला माझा आवाज ऐकला की वाटतं, मी वारलोय आणि मला कुणी कळवलं नाही." त्यांचं बोलणं हे असं. वाचायला बसण्याआधी सफरचंद खातात, त्याने तोंड चिकट होत नाही म्हणे. हल्ली अर्धं माझ्यासाठी ठेवतात आणि "दोघांत खा" म्हणतात.

आता दम मलाच लागतो. स्टुडिओचा जिना चढून आले की पाच मिनिटं नुसती बसते. पोटातली व्यक्ती माझ्या फुफ्फुसांना पाय टेकवून आरामात पसरली आहे.

आमच्या दर्यावर्दींचा निरोप नाही. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की निरोपाची वाट बघणं हे घरकामातच धरायचं असतं, हे मला पाठ आहे. पण या खेपेला जमत नाहीये. तो ऑगस्टमध्ये गेला, येईल मेमध्ये. जाऊ नकोस, असं मी म्हणू शकले असते. आधीच्या दोन वेळा दिवस राहिले तेव्हा आम्ही बरंच काही रद्द केलं होतं, आणि मग रिकाम्या हातांनी घरात एकमेकांसमोर बसलो होतो. म्हणून या खेपेला काहीच रद्द करायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

२६ सप्टेंबर

डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. सगळं ठीक आहे. मग त्यांनी एक नवीन इंजेक्शन सुचवलं. आरएसव्ही नावाचा विषाणू असतो, मोठ्या माणसाला झाला तर साधी सर्दी, पण तान्ह्या बाळाच्या छातीत उतरतो आणि कधी कधी दवाखान्यात ठेवायची वेळ आणतो. इंजेक्शन घ्यायचं मी, त्यातून जे संरक्षण तयार होईल ते नाळेतून बाळाकडे जाणार आणि पहिले काही महिने त्याला पुरणार. "सर्दी होणारच नाही असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ती जिवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी होते. तुझं बाळ ऐन थंडीत येतंय. फार विचार करत बसू नकोस. इंजेक्शनचा गुण बाळापर्यंत पोचायलाही वेळ लागतो, आणि बाळ बाहेर आलं की ती वाट बंद."

विचार करून सांगते, म्हटलं. सासूबाई सोबत आल्या होत्या. त्या मध्येच पाणी पिऊन येते म्हणून उठल्या आणि परत आल्याच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिल्या. घरी येताना एक शब्द नाही. त्यांना पटलेलं दिसत नाही.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. हे पोर टिकलंय, एवढंच मला कळतं. का टिकलं हे माहीत नाही, त्यामुळे कशाने बिघडेल तेही माहीत नाही. आधीच्या दोन वेळा मी कुठलंच इंजेक्शन घेतलं नव्हतं, तरी जे व्हायचं ते झालं. मग इंजेक्शनाला घाबरण्यात काय अर्थ आहे? काहीच नाही. भीतीला हे कोण सांगणार?

दर्यावर्दींना निरोप पाठवलाय. तो सांगेल तसं करू.

१ ऑक्टोबर

आईंचं मशीन पुन्हा सुरू झालं. सासूबाईंना मी आईच म्हणते. जन्मभर शाळेचे गणवेश शिवून त्यांनी घर चालवलं, आता बाळाची झबली शिवतायत. मऊ सुती कापड, पाठीला नाड्या, शिवण बाहेरून, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचायला नको. काम बघत राहावं असं. पण माप बघून मी डोक्याला हात लावला. एक झबलं पोटावर धरून पाहिलं, तर त्यात बाळ हरवेल आणि शोधायला माणूस पाठवावा लागेल.

"वाढतं पोर," आई म्हणाल्या.

ते वाढेपर्यंत काय घालू, विचारलं. लहान मापाची बाजारात मिळतात, ती मी शिवणार नाही, म्हणाल्या. का, विचारलं तर मशीन जोरात चालू झालं. मग जरा वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "गळ्याशी चुण्या नकोत. ठकीला काचायच्या." ठकी कोण? "होती एक." शेजारपाजारचं कुणी असेल. म्हातारपणी माणसं अशी मधूनच कुठलीतरी नावं काढतात.

शेजारीण दुपारी भेटायला आली होती. जिन्यात शिंकली. आईंनी दार अर्धंच उघडून, सून झोपली आहे, असं सांगून तिला परत पाठवलं. मी आत बसून हेडफोनवर काम करत होते. झोपले म्हणे! मी चिडले. तिने आणलेली फुलंसुद्धा बाहेरच ठेवली होती.

७ ऑक्टोबर

निरोप नाही.

दुपारी त्याचे जुने निरोप ऐकत पडले. ते सगळे मी साफ करून ठेवलेत. इंजिनाची घरघर, वारा, त्याची धाप, सगळं काढून नुसता आवाज. सवय आहे हाताला. ऐकताना वाटतं, हा अशा एका खोलीत बसून बोलतोय जिला भिंतीच नाहीत, आणि तिथून माझ्यापर्यंत यायला रस्ताही नाही. त्याची फार आठवण येते. हे लिहायला लाज कशाला वाटावी? फार येते. भांडण करायला तरी तो हवा होता.

११ ऑक्टोबर

आला! सकाळी फोनवर येऊन पडलेला दिसला. स्टुडिओत नेऊन साफ केला आणि मगच नीट ऐकला. एवढी वाट पाहिली आणि हाती काय लागलं? "मी मजेत आहे. जेवण बरं आहे. इंजेक्शनचं तुझं तू ठरव. तुला योग्य वाटेल ते कर. आईला जप."

तुझं तू ठरव! जसं काही मी पडद्यांचा रंग विचारला होता. मी इथे आतल्या आत झुरतेय आणि हा तिकडून मोकळा झाला. संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही. काकांनी ठेवलेलं सफरचंदही तसंच पडून होतं. काका म्हणाले, "सफरचंदाने काय केलंय?" 

१५ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंना पुन्हा म्हटलं, पुढच्या खेपेला सांगते. त्यांनी चष्मा काढला. पुढचा आठवडा शेवटचा, त्यानंतर घेऊन फारसा उपयोग नाही, म्हणाल्या. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

काकांना जोरदार सर्दी झालीय. रेकॉर्डिंग बंद. घरून फोन केला तर आवाज बेडकासारखा. पूर्ण बरं वाटेपर्यंत तुझ्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही, म्हणाले. हे आईंना सांगितलं, तर त्यांनी पहिल्यांदाच काकांना शहाणा माणूस म्हटलं. एरवी त्यांच्या मते काका म्हणजे पोटापुरता वाचणारा बडबड्या.

आईंचं मला कळत नाही. कुणाला सर्दी झाली तर दार लावतात, आणि सर्दीपासून वाचवणाऱ्या इंजेक्शनाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. एकदा सरळ विचारलं, घेऊ का? "तुला काय वाटतं ते कर," म्हणाल्या आणि कापड चाचपत बसल्या. मायलेकांनी एकच वाक्य पाठ केलंय.

१८ ऑक्टोबर

आजच लिहायला हवं.

सकाळी आई म्हणाल्या, त्याचा निरोप मला ऐकव. मी म्हटलं, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. तरी ऐकव. माझे हेडफोन त्यांच्या कानांना लावले आणि साफ केलेली फाइल सुरू केली. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

"हा तो नाही."

तोच आहे, मी फक्त स्वच्छ केलाय, म्हटलं. काय काय काढलंस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, इंजिन, वारा, श्वास, अडखळणं, अर्धवट वाक्यं. चुकलेलं वाक्य काढायचं आणि शेवटचं नीट म्हटलेलं ठेवायचं, हा आमच्या कामाचा नियमच आहे.

"जे काढलंस ते ऐकव."

फोनवर मूळ निरोप होता. तो लावला. घरघर, त्यातून त्याचा आवाज, मी मजेत आहे, जेवण बरं आहे. मग तो थांबतो. नुसतं इंजिन. मग एक श्वास, खोल, मध्येच तुटलेला. "इंजेक्शनचं... मला वाटतं तू... आईला विचार, आईला माहीत... नाही, नको विचारूस." पुन्हा तसाच श्वास. आवंढा. बराच वेळ काही नाही. आणि मग एकदम, वाचून दाखवल्यासारखं, "इंजेक्शनचं तुझं तू ठरव."

हे सगळं मी कापलं होतं. माझ्या हाताने, कामाच्या खुर्चीत बसून, अर्ध्या मिनिटात. हातांना सवय आहे, कान तेव्हा भलतीकडेच होते.

आईंनी फोन माझ्या हातातून घेऊन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्यामुळे थांबला तो. ठकी माझी. याच्या आधीची."

त्यांनी सांगितलं ते असं. ठकीला दुसरा महिना चालू होता. घरात सर्दी आली, सगळ्यांना झाली, सगळे बरे झाले. तिला मात्र दूध ओढता येईना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा, सोडताना कण्हायची. मोठी माणसं म्हणाली, सर्दीच आहे, उतरेल. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. अंगात आईंनी शिवलेलं लहान मापाचं झबलं होतं, तेच शेवटचं. त्यानंतर सासऱ्यांनी सांगितलं, या घरात पुन्हा तिचं नाव निघता कामा नये. दुःखाने सांगितलं असेल, पण सांगितलं. मुलाला कुणीच काही बोललं नाही. तो मोठा झाल्यावर मावशीकडून त्याला कळलं, आणि त्यानेही कधी विषय काढला नाही.

मी विचारलं, मग तुम्ही मला घे का नाही म्हणालात?

"घे म्हणायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि तुझं आधी दोनदा असं झालेलं. माझ्या सांगण्यावरून घेतलंस आणि काही झालं, तर? म्हणून गप्प बसले. गप्प बसायची मला सवय आहे. तेव्हा असलं काही नव्हतं गं. असतं तर मी रांगेत पहिली उभी राहिले असते."

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी रडलो. काय लपवायचं त्यात?

२० ऑक्टोबर

घेतलं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा सगळं नीट समजावलं, आईंनीही प्रश्न विचारले, माझ्याहून चांगले. इंजेक्शनात जिवंत विषाणू असतो का? नसतो. आधीच्या दोन वेळचा याच्याशी काही संबंध? नाही. सुई टोचताना मी डोळे मिटले, आणि उघडले तर नर्स हसत होती, कारण डोळे आईंनीही मिटले होते. दंड ठणकतोय, अंग जरा कसकसतंय. पोटातल्या व्यक्तीला काही सोयरसुतक नाही, लाथा चालू आहेत.

दर्यावर्दींना निरोप पाठवला. आई माझ्याशेजारी बसून ठकीबद्दल त्याच्याशी बोलल्या. मध्ये खूप थांबल्या. मी कशालाही हात लावला नाही.

१६ नोव्हेंबर

मुलगी. परवा पहाटे. रडली, आणि काय रडली! त्यात कापण्यासारखं काही नाही. दमलेय. तो हवा होता.

१२ डिसेंबर

लहान मापाचे कपडे बाजारातून आणले. आई बाळाला अंघोळ घालतात, पुसतात, दूध पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन फिरतात, पण कपडे घालायची वेळ आली की टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात देतात. माझी बोटं बारीक आहेत, मलाच जमतं म्हणे. आळस म्हणावा तर बाकीचं सगळं त्याच करतात. स्वतः शिवलेली झबली कपाटात वरच्या कप्प्यात घडी घालून ठेवलीत. मी एकदा गंमत म्हणून त्यातलं एक घालायला काढलं, तर हातातून काढूनच घेतलं. "घाई नको," म्हणाल्या. शिवलेल्या कपड्यांचं एवढं कौतुक असतं का?

९ जानेवारी

बाळाला सर्दी झाली. माझ्याकडूनच गेली असणार. नाक वाहतंय, दूध पिताना थांबते, पुन्हा पिते. आईंनी खुर्ची पाळण्याला लावली आणि तिथून उठल्याच नाहीत. तिचं पोट उघडं करून बरगड्यांकडे बघत होत्या. मी बोलायला गेले तर हाताने गप्प केलं.

डॉक्टरबाईंनी छाती तपासली. मोकळी आहे. नाक साफ ठेवा, दूध थोडं थोडं पण चालू ठेवा. श्वास जोरात चालला, दूध नकोसं झालं किंवा ओठ निळसर दिसले, तर क्षणभरही न थांबता या, म्हणाल्या. इंजेक्शनाचा गुण का, मी विचारलं. हा तोच विषाणू आहे की दुसरा कुठला, हे नुसतं बघून कळत नाही, त्या म्हणाल्या, पण तो असता तरी आपण तयारीत होतो.

आईंनी हे ऐकलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

१५ जानेवारी

उतरली सर्दी. दूध पिऊन फुगा झालीय. आईंनी खुर्ची तिच्या जागेवर परत ठेवली आणि दुपारभर झोपल्या.

त्याने मागच्या निरोपात विचारलं होतं, ती कशी वाजते? म्हणून झोपलेल्या तिच्याजवळ स्टुडिओतला चांगला माइक लावला. नाकातली थोडी सूं सूं, मध्येच चुटचुट, एक उसासा, पलीकडून आईंचं घोरणं. रेकॉर्डिंग झाल्यावर सवयीने बोट त्या उसाशावर गेलं. आणि मग काढून घेतलं. जसंच्या तसं पाठवलं.

२५ फेब्रुवारी

त्याचं उत्तर आलं. लांबलचक निरोप, आणि त्यात एकही शब्द नाही. आधी वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. मग कळलं. बिछान्यात पडून फोन छातीवर ठेवलाय. खाली इंजिन, वर त्याचा श्वास. आत, बाहेर. एकदा खोकला. एकदा हसला, काय आठवलं कोण जाणे.

दुपारी बाळ आणि मी त्याच्या बाजूला आडव्या झालो, म्हणजे फोन उशीवर ठेवला. डोळे मिटले की खरंच वाटतं. हात पुढे केला की उशी लागते. मे अजून किती लांब आहे!

काका म्हणाले, हल्ली तू माझे श्वास राहू देतेस, म्हातारा झालोय ते लोकांना कळेल. कळू दे, म्हटलं.

१४ मे

तो पुढच्या आठवड्यात येतोय. जहाज बंदराला लागलंय, फक्त कागद व्हायचेत. मला काही सुचत नाहीये, दोनदा केस धुतले.

आज आईंनी वरच्या कप्प्यातली झबली खाली काढली. बाळाला पुसून, माझ्याकडे न देता, मांडीवर आडवं घेतलं आणि स्वतःच्या हातांनी झबलं घातलं. एक हात, मग दुसरा, मग पाठीच्या नाड्या. नाड्या बांधायला फार वेळ लावला. बाळ त्यांच्या तोंडात बोटं घालत होतं. मी म्हटलं, बघा, बरोब्बर बसलं! उगाच मी चेष्टा केली, तुमच्या मापाला तोड नाही.

त्यांनी बाळाला उभं धरून पाहिलं, पाठमोरं करून पाहिलं, पुन्हा छातीशी घेतलं. म्हातारीचे डोळे भरून आले. आपण शिवलेलं अंगावर नीट बसलं की शिवणाऱ्याला आनंद होतोच, पण एवढा?

मग नाक पुसून एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "काखेत दाटायला लागेल आता महिन्याभरात. कापड आण. पुढच्या मापाची बेतते."

मी म्हटलं, तो येतोय की पुढच्या आठवड्यात, तोच आणेल येताना.

"त्याला काय आणायचं ते आणू दे. तू आजच जा."

किती आणू, विचारलं.

"भरपूर आण," आई म्हणाल्या. "वाढतं पोर."